लिथाच्या रिंगणात उभी राहिले, चुकलं का?

बाल्कनीतली तुळस (मूळ धागा)

ब्रिस्टलला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, पण शेजारच्या बाई विक्कन (विक्का हा निसर्गपूजक पंथ मानणाऱ्या) आहेत हे यंदाच कळलं. त्यांनी २१ जूनला लिथासाठी, म्हणजे त्यांच्या उन्हाळी अयनदिनाच्या सणाला, बोलावलं. गावाबाहेरची टेकडी, पंधरा-सोळा माणसं. लेकीला घेऊन गेले.

आधी एकीने खराट्याने गवत झाडलं (खरं तर हवाच झाडली). मग मिठाचं पाणी शिंपडत प्रदक्षिणेच्या दिशेने रिंगण आखलं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, असं एकेका दिशेला तोंड करून आवाहन. मेणबत्त्या विझत होत्या म्हणून जॅमच्या बरण्यांत ठेवलेल्या; एका बरणीवर स्ट्रॉबेरीचं लेबल तसंच होतं. नंतर वाढत्या दिवसांचा ओक राजा आणि घटत्या दिवसांचा हॉली राजा यांची लुटुपुटूची लढाई. उद्यापासून दिवस लहान होणार, म्हणून ओक राजा हरतो. हॉली राजा झालेले आजोबा तलवार उचलण्याआधी गुडघा चोळत बसले होते. शेवटी मधाचा केक आणि मीड (मधाची दारू), त्यातला पहिला घोट जमिनीला. मीड मी घेतली नाही. नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड. इथला हा दिवस साडेसोळा तासांचा.

प्रश्न असा, की आवाहनाच्या शेवटी सगळे 'हेल अँड वेलकम' म्हणाले तेव्हा मीही म्हटलं. आई फोनवर म्हणाली, "प्रसाद घ्यावा गं, पण दुसऱ्याचे मंत्र आपल्या तोंडाने कशाला?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

तिरकस

ताई, दुसऱ्याचे म्हणजे नक्की कुणाचे? स्टोनहेंजचे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. ड्रुइड, म्हणजे तिथले प्राचीन पुजारी, त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी. आणि विक्का माझ्या वडिलांच्या वयाचा! इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या मलायातून निवृत्त होऊन आलेल्या कस्टम्स अधिकाऱ्याने पुस्तक काढलं, आणि पंथ जगापुढे आला. आठ सणांचं चक्र त्याच दशकात बसवलेलं. 'लिथा' हे नाव आठव्या शतकातल्या बीड या ख्रिस्ती भिक्षूने जून-जुलै महिन्यांसाठी नोंदवलंय. सणाला ते चिकटवलं १९७० च्या दशकात एका अमेरिकन विक्कनाने. ओक-हॉलीची लढाईसुद्धा रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीच्या १९४८ च्या पुस्तकातून आलेली. प्राचीन म्हणून विकलेला नवा माल. केक खा, फोटो काढा, मनाला लावून घेऊ नका.

उनाडवारा

तिरकसराव, माहिती चोख, निष्कर्ष घाईचा. हा सगळा इतिहास विक्कन लोकांपासून कुणी लपवलेला नाही. रोनाल्ड हटन हे ब्रिस्टल विद्यापीठातलेच इतिहासकार. त्यांनी १९९९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून हे मांडलं आणि बरेच विक्कन तो वाचून आपले सण करतात. नवं म्हणजे खोटं, हे कुठून आलं? सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. (रंगारी की टिळक हा वाद इथे नको, हात जोडतो.) शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तोही 'नवा माल'च होता.

आणि आपण उत्तरायण साजरं करतो संक्रांतीला, जेव्हा ते सुरू होऊन तीन आठवडे उलटलेले असतात. निदान ही मंडळी त्याच दिवशी टेकडीवर होती.

तिरकस

गणपतीची घरगुती पूजा आधीपासून होती, चौकात आणली एवढंच. इथे तर देवापासून मंत्रापर्यंत सगळंच जुळवलेलं. फरक आहे की नाही? संक्रांतीचं मात्र मान्य.

सातपुड्याचा

मला वेगळंच खुपतंय. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत तेरा हजार लोकांनी धर्म 'विक्का' लिहिला. अनेकजण अभिमानाने स्वतःला 'विच' म्हणवतात. आमच्याकडे नंदुरबारच्या पाड्यांवर कुणाचं पोर दगावलं, की एखाद्या विधवेला डाकीण ठरवतात. मारझोड, गावाबाहेर काढणं, कधी जीवच जातो. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये कायदा झाला, पण माझ्या आजोळच्या शेजारची म्हातारी अजून अंधार पडला की घराबाहेर येत नाही. तो शब्द हौसेने मिरवता येणं ही चैन वाटते मला. शेजारीणबाईंना दोष नाही, त्यांनी कुणाचं काय वाईट केलंय?

उनाडवारा

युरोपातही हजारोंना याच आरोपाखाली मारलंय हो. तोच शब्द मुद्दाम उचलून घेतलाय त्यांनी.

सातपुड्याचा

ज्यांनी उचलला त्यांना कुणी जाळायला येणार नव्हतं. मी एवढंच म्हणतोय.

साष्टीकार

आमच्या गोंयांत २४ जूनला सांज्यांव. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल, घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवत जायचं आणि भरलेल्या बांयत, म्हणजे विहिरीत, उडी! सेंट जॉनचा सण, पण युरोपात त्याच्या आदल्या रात्री उन्हाळ्याचे जाळ पेटवायची जुनी रीत. म्हणजे अयनदिनाचा सण चर्चने सांभाळला, की चर्चचा सण गावाने अयनदिनाला नेला, यावर आमचे आजोबा आणि पाद्री दर वर्षी भांडायचे. दोघेही नंतर फेणी घ्यायला एकाच घरी. तुमच्या लेकीला मुकुट मिळाला का?

बाल्कनीतली तुळस

मिळाला की! ओकच्या पानांचा. फ्रिजवर ठेवलाय, वाळून कुरकुरीत झालाय, रोज चार पानं गळतात आणि मी झाडते.

सातपुड्याचा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. काल कुंपणावरून बाईंना तुमच्या त्या म्हातारीबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, हे आमच्या मंडळींना सांगशील का, १ ऑगस्टला? त्या दिवशी त्यांचा लुनासा, पहिल्या धान्याचा सण. प्रत्येकाने भाजलेलं काहीतरी आणायचं असतं. मी ज्वारीच्या भाकऱ्या नेणार आहे. आईला अजून कळवलेलं नाही.

तिरकस

पीठ गरम पाण्यात भिजवा, तिकडच्या ज्वारीला चिकटपणा नसतो. आणि ठेचा विसरू नका, राजे कितीही लढोत.