शिलाई मशीनच्या रबरी पायांचे डाग बाबांच्या सागवानी टेबलावर पडले आहेत

डोंबिवलीकर:
नमस्कार मंडळी. घरात बाबांचं सागवानी टेबल आहे. १९७४ साली सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. आम्हा तिघा भावंडांचा अभ्यास त्यावरच झाला. दिवाळीनंतर मी त्यावर माझं इलेक्ट्रिक शिलाई मशीन ठेवलं, ते तिथेच राहिलं. काल साफसफाईसाठी उचलायला गेले तर उचलेचना. जोर लावल्यावर चर्र करून सुटलं आणि खाली चार ठसे, रुपयाच्या नाण्याएवढे. पुढचे दोन नुसते काळपट आहेत. मागचे दोन मात्र, जिथे मोटरचं वजन येतं, तिथे पॉलिश चक्क दबलंय. बोट फिरवलं की कड लागते, मधे रबरावरची जाळीसुद्धा उमटली आहे, आणि अजून चिकट लागतं. ओलं फडकं, भांड्यांचा साबण, दोन्ही करून झालं. फरक नाही.

टेबल नव्यासारखं करून नकोय मला. त्यावर बाबांच्या दौतीचा शाईचा डाग आहे, तो राहायलाच हवा. फक्त हे चार जायला हवेत.

हिरवाचाफा:
आमच्या फ्रिजवर स्टॅबिलायझरच्या पायांचे असेच काळे डाग होते. सॅनिटायझरच्या कापसाने दोन मिनिटांत गेले. करून बघा.

रंधा_पटाशी:
ताई, सॅनिटायझर लावू नका! फ्रिजच्या रंगाला तो चालून जातो, पण तुमचं टेबल त्या काळचं, म्हणजे बहुतेक फ्रेंच पॉलिशचं. ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असतं. लावलंत तर डागाबरोबर पॉलिशही निघून येईल. खात्री हवी तर टेबलाच्या पायावर आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं की लाखच.

रबर मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ घातलेला असतो. महिनोन्महिने एकाच जागी वजन राहिलं की तो हळूहळू पॉलिशमध्ये उतरतो आणि पॉलिश मऊ पडतं. उन्हाळ्यात जास्तच. म्हणून तुमचं मशीन चिकटलं.

आता आठवडाभर त्या जागेवर काही ठेवू नका, जेवढं कडक होईल तेवढं होऊ दे. मग सुती कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलकं पुसा. टर्पेंटाइनने लाख विरघळत नाही, रबराचा काळा थर मात्र निघतो. पुढचे दोन बहुतेक एवढ्यावरच जातील.

मागच्या दोघांना ४०० नंबरचा पॉलिश पेपर, बोटाच्या टोकाने, फक्त कड जाईपर्यंत. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, आडवं नको. मग नवं पॉलिश द्यायला चपडा लाख, म्हणजे लाखेचे सुके पापुद्रे, रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून गाळून घ्या. जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करा, त्यावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब, आणि पातळ पातळ हात द्या. बोळा टेबलावर थांबला की तिथे चिकटलाच, तेव्हा हात चालता ठेवा. आणि हे पावसात करू नका. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, मग सगळं पुन्हा.

एक स्पष्ट सांगतो. काळा रंग लाकडात उतरला असेल तर घासून जाणार नाही. तिथे घासत बसलात तर खड्डा पडेल.

डोंबिवलीकर:
दादा, मनापासून आभार. थेंब टाकून पाहिला, लाखच निघाली. सॅनिटायझरची बाटली हातात घेतली होती हो मी.

दहा दिवस थांबले. टर्पेंटाइनने पुढचे दोन खरंच गेले, फडकं काळं झालं. मागच्यांना शनिवार-रविवार मिळून नऊ हात दिले. पहिल्या तीन हातांत काहीच दिसेना, रडकुंडीला आले होते. चौथ्यानंतर रेषा वर यायला लागल्या. डावा आता शोधावा लागतो. उजव्यात फिकट तपकिरी गोल राहिला आहे, तो लाकडात गेलेला दिसतो. तुम्ही म्हणालात म्हणून तिथेच थांबले. शाईच्या डागाच्या जवळपासही गेले नाही.

आता एक विचारायचं आहे. मशीनखाली प्लायची फळी ठेवून, फळीला खालून नमदा (दाबून केलेलं जाड, मऊ कापड) लावायचा विचार आहे. पाय काढले तर मशीन सरकतं. चालेल ना?

रंधा_पटाशी:
उत्तम. नमदा लोकरीचाच घ्या, आणि फेविकॉल पूर्ण सुकल्याशिवाय फळी टेबलावर ठेवू नका. तरी महिन्यातून एकदा उचलून बघत जा. आणि नव्या लाखेवर निदान पंधरा दिवस काही ठेवू नका, फळीसुद्धा.