प्रति: सगळ्या प्रोजेक्टना एकच चेकलिस्ट

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की सगळ्या बांधकाम प्रोजेक्टना एकच चेकलिस्ट लावली की दर्जा आपोआप सारखा राहतो. चेकलिस्ट हवीच, पण ती भरणाऱ्याला काम थांबवायचा अधिकार नसेल तर नुसते कागद रंगतात.

घोडबंदर रोडच्या आमच्या साइटवर रेडीमिक्सच्या (प्लांटमध्ये तयार करून आणलेल्या काँक्रीटच्या) गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकायच्या. आयएस ४९२६ (रेडीमिक्ससाठीचं भारतीय मानक) प्रमाणे गाडी भरल्यापासून २ तासांत काँक्रीट उतरायला हवं (रिटार्डर, म्हणजे काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून वापरायचं रसायन, घालून वेळ आधीच वाढवून घेतली असेल तर गोष्ट वेगळी). उशीर झाला की माल घट्ट होतो, मग ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतो. स्लम्प (काँक्रीट किती सैल आहे याची साइटवरची चाचणी) बरोबर येतो, ताकद मात्र गेलेली असते. आणि क्यूबचा (ताकद तपासायला काढलेल्या काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांचा) पक्का निकाल २८ दिवसांनी, तोवर वरचे स्लॅबही पडलेले असतात! म्हणून आम्ही चलानवरची बॅचिंगची (प्लांटमध्ये माल बनवल्याची) वेळ गेटवरच बघायला लागलो, आणि गाडी परत पाठवायचा निर्णय पूर्णपणे क्वालिटी इंजिनिअरकडे दिला, प्रोजेक्ट मॅनेजरला फोन न करता. पहिली गाडी परत गेली त्या दिवशी बरीच आदळआपट झाली. पुढे मात्र प्लांटवालेच गाडी भरण्याआधी फोन करून रस्त्याची चौकशी करू लागले.