मदत हवी आहे: ईएन ८ शाफ्टला वेल्डिंगनंतर दुसऱ्या दिवशी चीर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरच्या विंचचा (जाळं ओढायच्या यंत्राचा) शाफ्ट आहे, ५० मिमी व्यासाचा, ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील). बेअरिंगची जागा झिजली म्हणून ६०१३ वेल्डिंग रॉडने भराव करून लेथवर घेतला. संध्याकाळी ठीक होता. सकाळी वेल्डच्या कडेला, मूळ धातूत, केसासारखी चीर! त्या पट्ट्यावर कानस नुसती घसरते, दोन सेंमी पलीकडे मात्र व्यवस्थित कापते.

कारण उघड आहे. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के. थंड, जाड शाफ्ट उष्णता झटकन ओढून घेतो आणि कडेला कडक, ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतो. त्यात रॉडमधला हायड्रोजन. म्हणूनच चीर काही तासांनी उघडते.

आता चीर पूर्ण ग्राइंड करून, डाय (चीर दाखवणारा रंग) मारून तपासायची, शाफ्ट २०० अंशांपर्यंत तापवायचा (टेम्परेचर खडूने बघून), ७०१८ (कमी हायड्रोजनचा) रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर सुकवून वापरायचा आणि शेवटी कोरड्या चुन्यात पुरून सावकाश थंड करायचा, असा विचार आहे. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड तर नकोच.

अडलंय ते इथे. २०० अंशांनी जुना कडक पट्टा मऊ होणार नाही. मग कानस धरेपर्यंत तो काढूनच टाकावा, की गॅसने ६०० अंशांवर टेम्पर करावा (तापवून कडकपणा उतरवावा)? गॅसने गोलाकार सारखी उष्णता कशी ठेवता?

दुसरं, काहीजण ३१२ स्टेनलेस रॉड सुचवतात. पण खाऱ्या पाण्यात त्याच्या शेजारचं साधं स्टील आधी खाल्लं जाईल ना? बोटीवर कोणी वापरलाय का?