मदत हवी आहे: डोळा लागता लागता हाक ऐकू येते
गेले तीन आठवडे डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी अगदी कानाशी माझं नाव घेऊन हाक मारतं. इतकी स्पष्ट, की दोनदा उठून दार उघडून पाहिलं. परवा पहाटे तर जाग आली, पडदा हलताना दिसत होता, पण बोटही हलेना. छातीवर दडपण, तोंडातून आवाज नाही.

वाचल्यावर कळलं की झोपेच्या उंबरठ्यावरच्या भासांना आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाने १८४८ मध्येच नाव दिलं होतं. स्वप्नं पडताना स्नायू शिथिल असतात, कधी जाग आल्यावरही थोडा वेळ तसेच राहतात. कारण पटलं, पण अंथरुणाला पाठ टेकायची धास्ती वाटते.

उताणं झोपणं टाळून कुणाला फरक पडला का? डॉक्टरांकडे कधी गेलात? अनुभव असेल तर कृपया सांगा.