निवृत्तीनंतरची सावध गुंतवणूक: ‘मुद्दल सुरक्षित’ एवढं आता पुरतं का?

सांजवेळ (प्रश्न)

नमस्कार. पेन्शन नाही. वर्षाच्या खर्चाच्या साधारण २५ पट पुंजी आहे आणि ती सगळी मुदत ठेवींत आहे. आधीच्या पिढीचा नियम साधा होता: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजात भागवायचं, शेअर बाजाराच्या वाटेला जायचं नाही. या नियमाबद्दल मला आदर आहे. पण तो घडला तेव्हा निवृत्तीनंतरची वर्षं थोडी असत, घर माणसांनी भरलेलं असे आणि आजारपणातली सेवा घरातूनच होई. आता निवृत्तीनंतर २५-३० वर्षं काढायची असतात, घरात दोघं किंवा एकटंच कोणी, मुलं दूर आणि पैशांचे व्यवहार मोबाइलवर. अशा वेळी सावधपणा म्हणजे नेमकं काय? आकडे आणि कृती सांगावी. झटपट पैसा वाढवण्याचे मार्ग नकोत.

हिशेबवही

जुना नियम चुकीचा नव्हता, तो थोड्या वर्षांसाठी होता. तुमची आत्ताची पुंजी किती वर्षं पुरेल ते आधी पाहू.

ठेवीवर ७ टक्के व्याज आणि त्यावर २० टक्के कर धरला तर हातात ५.६ टक्के पडतात. महागाई ६ टक्के असेल तर खरा परतावा, म्हणजे महागाई वजा जाता उरणारा, शून्याच्या किंचित खाली जातो. खर्चाच्या २५ पट पुंजीतून दरवर्षी महागाईइतकी वाढवत रक्कम काढत गेलं, तर खरा परतावा शून्य असताना ती २५ वर्षं पुरते. तो उणे १ टक्का झाला की साधारण २२ वर्षं, आणि अधिक २ टक्के मिळाला तर ३४. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे आयुष्याची बारा वर्षं. उलट ‘फक्त व्याज खायचं’ म्हटलं तर कागदावर मुद्दल जसंच्या तसं दिसतं, पण ६ टक्के महागाईत बारा वर्षांनी त्याची खरेदीची ताकद निम्मी झालेली असते, आणि व्याजाचीही.

किती वर्षं धरायची, इथेही गफलत होते. जगाचं सरासरी आयुर्मान १९५० च्या सुमारास ४६ वर्षं होतं, २०१९ मध्ये ते ७३ झालं. पण हा जन्माच्या वेळचा आकडा, त्यात बालमृत्यूही येतात. साठी ओलांडलेल्या माणसाने तो आपल्याला लावू नये. जोडपं असेल तर हिशेब आणखी लांबतो. प्रत्येकाची नव्वदी गाठण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर दोघांपैकी एक जण तरी गाठण्याची ५१ टक्के होते. म्हणून नियोजन नव्वदीच्या पुढचं करा, आणि मागे राहणाऱ्याच्या नावाने करा.

माझी मांडणी अशी असेल. वर्षाचा खर्च म्हणजे १ भाग. २ भाग बचत खात्यात आणि अगदी कमी मुदतीत. यातला एक रोजच्या खर्चाचा, दुसरा अचानक येणाऱ्या दवाखान्याचा. १० भाग ठेवींच्या शिडीत. ५ भाग महागाईशी जोडलेल्या सरकारी रोख्यांत; ब्रिटनमध्ये ते १९८१ पासून आहेत, अमेरिकेत १९९७ पासून. असे रोखे मिळत नसतील तर उत्तम पतीच्या साध्या सरकारी रोख्यांत. उरलेले ८ भाग, म्हणजे ३२ टक्के, व्यापक निर्देशांक फंडात, म्हणजे बाजारातल्या अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडात. बाजार कोसळला तरी दशकभर शेअर विकायची वेळ येणार नाही, याला मी सावधपणा म्हणतो.

शिडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या ठेवी एकाच सुमारास पिकतात. १० भागांचे पाच सारखे तुकडे करा: १, २, ३, ४ आणि ५ वर्षांचे. दरवर्षी एक तुकडा पिकेल. त्यातून वर्षाचा खर्च बाजूला काढा आणि उरलेलं पुन्हा ५ वर्षांसाठी ठेवा. समजा, व्याजदर ७ वरून ५ वर आला. सगळं एकाच दिवशी पिकलं असतं तर पूर्ण पुंजीवर ५ टक्के मिळाले असते. शिडीत त्या वर्षी फक्त पाचव्या हिश्शाला फटका बसतो आणि सरासरी ६.६ राहते. ही भीती काल्पनिक नाही: अमेरिकेत डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०१५ अल्पमुदतीचे दर शून्याच्या आसपास होते. व्याजावर जगणाऱ्यांची सात वर्षं त्यात गेली.

शिडी बिघडते ती लहानसहान गोष्टींनी. ‘आपोआप नूतनीकरण’ चालू राहिलं की एक वर्षाची ठेव पुन्हा एकाच वर्षासाठी लागते आणि पायऱ्या एकमेकींवर येतात, म्हणून ती सूचना बंद ठेवा. प्रत्येक पायरीची एकच मोठी पावती करू नका, तीन-चार करा. मुदतीआधी मोडायची वेळ आली तर दंड एकाच पावतीवर बसेल. आणि बँक बुडाली तर ठेव भरून देणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी दर ठेवीदाराला, दर बँकेमागे असते. एकाच बँकेच्या दोन शाखा वेगळ्या धरत नाहीत, तेव्हा मर्यादेवरची रक्कम दुसऱ्या बँकेत न्या. एखादी संस्था इतरांपेक्षा दोन टक्के जास्त देत असेल तर ती जास्तीची जोखीम तुमच्या गळ्यात घालते आहे, एवढं समजून दूर राहा.

दूरवरचं

शिडी पटली. शेअरच्या ८ भागांबद्दल दोन सूचना.

एक, सगळे एकाच देशाच्या बाजारात घालू नका. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर पोचला होता, ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मधल्या काळात लाभांश मिळत राहिला हे खरं, पण ज्यांचं घर त्यावर चालतं त्यांना चौतीस वर्षं थांबता येत नाही.

दोन, परताव्याचा क्रम. १०० मधून दरवर्षअखेर ५ काढायचे आणि तीन वर्षांचे परतावे उणे २०, अधिक १० आणि अधिक २५ असे आले, तर शेवटी सुमारे ९१.९ उरतात. हेच परतावे उलट क्रमाने आले तर ९६.६. पैसे काढले नसते तर दोन्हीकडे ११० च असते. पडझड निवृत्तीच्या सुरुवातीला आली की नुकसान कायमचं होतं, म्हणून ८ भाग एकदम न घालता तीन वर्षांत, तिमाही हप्त्यांनी घाला.

‘४ टक्के नियम’ (पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवायची) कोणी सुचवलाच, तर तो अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी आकड्यांवरून काढला, आणि निम्मी ते पाऊण पुंजी शेअरमध्ये गृहीत धरून. कर त्यात नव्हता. सगळं ठेवींत ठेवून ४ टक्के काढणाऱ्याने त्याचा आधार घेऊ नये.

सांजवेळ

दोघांचेही आभार. एक अडचण: घरातले सगळे व्यवहार एकच जण पाहतो. तो अंथरुणाला खिळला किंवा त्याची स्मरणशक्ती गेली तर? आणि पगारी सेवेचा खर्च महागाईच्याच दराने वाढेल असं धरू का?

सहीशिक्का

दुसऱ्याचं उत्तर आधी: नको. सेवा म्हणजे माणसाचा वेळ. यंत्राने कारखान्यातली वस्तू स्वस्त होते, पण आठ तास सोबत बसायला आठ तासच लागतात आणि त्या माणसाचं वेतन बाकीच्या वेतनांबरोबर वाढतं. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी हे १९६० च्या दशकातच मांडलं होतं. सेवेच्या खर्चाला सर्वसाधारण महागाईच्या वर २ टक्के धरा. पूर्वी हा खर्च हिशेबात दिसायचा नाही, कारण घरातल्या बायका तो बिनपगारी उचलत होत्या. आता तो पुंजीतून जाणार, आणि जायलाच हवा.

आता पहिलं. सावध माणसांच्या नियोजनात इथेच मोठं भगदाड असतं. पैसा शाबूत, पण तो काढता येईना.

प्रत्येक खातं आणि ठेव दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा सूचनेने करा. नुसतं ‘संयुक्त’ लिहिलं असेल तर काही ठिकाणी दोघांच्या सह्या लागतात आणि एक जण आजारी पडताच खातं अडकतं. ही सूचना ठेवीच्या पावतीवर छापून आली आहे का, ते डोळ्यांनी पाहा. अर्जावर लिहिलं म्हणजे नोंदलं गेलं असं नसतं.

कुलमुखत्यारपत्र करताना वकिलाला थेट विचारा: माझी समज गेल्यावरही हे चालेल का? साधं पत्र अनेक कायद्यांत तिथेच निष्प्रभ होतं, म्हणजे गरज पडते नेमकी तेव्हा. मृत्यूनंतर तर कोणतंही चालत नाही, त्यासाठी मृत्युपत्र वेगळं लागतं. नामनिर्देशनाने पैसे हातात लवकर येतात, पण मालकी ठरतेच असं नाही. मृत्युपत्रातलं नाव आणि नामनिर्देशनातलं नाव वेगळं राहिलं की भांडण ठरलेलं.

एका पानावर यादी करा: संस्था, खात्याचे शेवटचे चार आकडे, पिकण्याची तारीख, कागद कुठे आहे. पासवर्ड त्यावर नको. वर्षातून एकदा एक पूर्ण महिना व्यवहार न पाहणाऱ्या जोडीदाराने सगळं चालवायचं: बिलं, ठेवीचं नूतनीकरण, मोबाइलवरून पैसे पाठवणं. अडतं कुठे ते त्याच महिन्यात कळतं.

फसवणुकीबद्दलही सांगतो. आता आवाजाची हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे मुलाच्या आवाजातला ‘लगेच पैसे पाठवा’ हा फोनही पुरावा नाही. फोन ठेवा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण होऊन लावा. मोबाइलशी जोडलेल्या खात्यात दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त ठेवू नका आणि रोजची हस्तांतर-मर्यादा स्वतःहून कमी करून घ्या. वर ज्या २ भागांचं म्हटलंय, ते याच कारणासाठी दोन खात्यांत विभागा.

हिशेबवही

वरच्या सेवेच्या मुद्द्यामुळे माझ्या मांडणीत एक बदल करतो. महागाईशी जोडलेल्या ५ भागांतले ३ सेवेसाठी राखीव धरा आणि पंचाहत्तरीआधी त्यांना हात लावू नका.

ठेवी, रोखे आणि शेअर यांच्या वाट्यांचा समतोल वर्षातून एकदाच, ठरलेल्या तारखेला साधा. शेअरचा वाटा ४० टक्क्यांवर गेला तर जास्तीचं विकून शिडीची रिकामी पायरी भरा. बाजार २० टक्क्यांहून जास्त पडला असेल तर त्या वर्षी शेअर विकायचे नाहीत, खर्चातली महागाईची वाढही तेवढ्या वर्षापुरती घ्यायची नाही. हप्त्यांची तीन वर्षं चालू असताना पडझड आली तर हप्ते थांबवू नका, वाढवूही नका.