बोनसच्या महिन्यात ३७,८३० कापले: लूट की हिशोब?

हिशोबनीस:
काल इथे एकाने पगाराची स्लिप टाकली. महिना १,०५,००० पगार, जानेवारीपर्यंत टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा कर, शून्य. फेब्रुवारीत एक लाख बोनस आला आणि स्लिपवर 'इन्कम टॅक्स ३७,८३०'. मार्चलाही तेवढेच जाणार. त्यावर त्यांचं म्हणणं, 'कंपनीने लुटलं. सगळ्यांनी एचआरला लेखी द्या की टीडीएस कापू नका, आम्ही जुलैत रिटर्नबरोबर भरू.' खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग.

हे वाचून गप्प बसवेना. कापू नका असं मालकाला सांगायची सोयच कायद्यात नाही. २०२५-२६ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १९२ म्हणतं, वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरा, त्यावरचा कर काढा आणि सरासरीने दर महिन्याला कापा. नाही कापला तर व्याजासकट वसुली मालकाकडून होते. तो तुमच्या पत्रावर ही जोखीम का घेईल?

आता २०२५-२६ च्या नव्या रिजीमने, म्हणजे नव्या करपद्धतीने, हिशोब बघा. १,०५,००० गुणिले १२ म्हणजे १२,६०,०००. प्रमाणित वजावटीचे ७५,००० गेले की ११,८५,०००. बारा लाखांच्या आत, म्हणून कलम ८७ए ची करसूट आणि कर शून्य. बोनस आल्यावर उत्पन्न झालं १२,८५,०००. सूट गेली आणि कर थेट चार लाखांपासून मोजायला सुरुवात. ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, वरच्या ८५,००० वर १५ टक्क्यांनी १२,७५०. बेरीज ७२,७५०, सेस, म्हणजे करावरचा उपकर, धरून ७५,६६०. महिने उरले दोन. ३७,८३० तिथून आले, एका रुपयाचाही फरक नाही.

कर वर्षाच्या उत्पन्नावर असतो, त्या त्या महिन्याच्या पगारावर नाही. एवढं समजून न घेता लोकांना भडकवणं मला पटत नाही.

मगरपट्टेकर:
बेरीज-वजाबाकी शिकवल्याबद्दल आभार. पण त्या माणसाचं दुःख तुम्हाला कळलेलंच नाही. त्याला फक्त १५,००० बोनस मिळाला असता तर उत्पन्न बरोबर बारा लाख, कर शून्य, हातात १५,०००. मिळाला एक लाख, हातात २४,३४०. म्हणजे वरच्या ८५,००० मधले त्याला ९,३४० मिळाले. आणि त्याने चिडायचं नाही?

दुसरं, व्हेरिएबल पे, म्हणजे हा बोनस, ऑफर लेटरमध्ये लिहिलेला असतो. अंदाज करा असं कलम १९२ च म्हणतंय ना? मग कंपनीने एप्रिलमध्ये काय अंदाज केला? कर बारा महिन्यांत वाटला असता तर महिना सहा हजारांच्या आसपास गेले असते. माझ्या बायकोच्या ऑफिसात हेच झालं. त्या महिन्यात गाडीचा हप्ता तिच्या वडिलांकडून पैसे घेऊन भरला.

हिशोबनीस:
सरकारच्या स्लॅबवर राग असेल तर तो कंपनीवर काढू नका. बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ न देणारी सीमान्त सवलत आहे, पण ती साधारण १२,७०,५८८ पर्यंतच्या उत्पन्नाला. स्लिपवाले त्याच्या पुढे गेले.

अंदाजाचं म्हणाल तर बोनस मिळेलच याची खात्री नसताना एप्रिलपासून कर कापला असता, तर तुम्हीच 'न मिळालेल्या पैशावर कर घेतला' म्हणून धागा काढला असता.

मगरपट्टेकर:
त्यासाठीच १९२ चं पोटकलम ३ आहे. आधी जास्त किंवा कमी कापलं असेल तर त्याच वर्षात पुढच्या महिन्यांत जुळवून घेता येतं. बोनस नाही आला, तर मार्चपर्यंत कापणं कमी करा. कायदा सांगायचा तर पूर्ण सांगा.

हिशोबनीस:
ठीक आहे, पोटकलम ३ चा मुद्दा तुमचा. कंपनीला बोनस आधी धरता आला असता, आणि ऑक्टोबरच्या सुमारास कर्मचाऱ्याला निदान विचारायला हवं होतं. पण म्हणून 'टीडीएस कापूच नका' बरोबर ठरत नाही.

खरी चूक वेगळीच आहे. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मा, ५२,५०० धरा. त्याच सीटीसीतून (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) बेसिकच्या १४ टक्के रक्कम कंपनीने एनपीएस या पेन्शन योजनेत भरली असती, तर वर्षाला ८८,२०० वजा. ही वजावट नव्या रिजीममध्येही मिळते. उत्पन्न ११,९६,८०० आणि कर शून्य. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरं, पण हा पर्याय किती जणांना एप्रिलमध्ये कुणी समजावून सांगतं?

हिंजवडी फेज तीन:
नव्या रिजीमवाल्यांचं बरं चाललंय. आम्ही गृहकर्जामुळे जुन्या रिजीममध्ये आहोत, घर गावाला आणि भाडं इथे. बेसिक ५०,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता २५,०००, भाडं ३०,०००. मुंबईत असतो तर बेसिकच्या ५० टक्के, महिना २५,००० एचआरएवर कर माफ. पुण्याला ४० टक्के, म्हणून २०,००० च. वर्षाला ६०,००० वर कर, ३० टक्के आणि सेस धरून १८,७२० रुपये. २०२५-२६ च्या नियमात महानगरं चारच: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. हिंजवडीतली भाडी हा नियम करणाऱ्यांनी कधी बघितलीत का?

ठाणे पश्चिम:
पुणेकरांनी आधी आमच्याकडे बघा. मुलुंड चेकनाका ओलांडला की ५० चे ४० होतात. ऑफिस मुंबईत, लोकल तीच, भाडंही मुलुंडच्या तोडीचं. पेरोलवाली मुलगी म्हणते, 'सर, पत्ता ठाणे आहे.'

आकडेमोड:
दोघांनीही थोडं शांत व्हा. माफी तीन आकड्यांतल्या सगळ्यात लहान आकड्याएवढी मिळते: मिळालेला एचआरए, भाडं वजा बेसिकचे १० टक्के, आणि बेसिकचे ४० किंवा ५० टक्के. बेसिक ५०,००० आणि भाडं २२,००० असेल तर दुसरा आकडा १७,०००. तिथे शहर कुठलंही असो, फरक शून्य. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं आणि दोष शहराला देतात.

हिंजवडी फेज तीन:
मी भाडं ३०,००० लिहिलंय. वाचून उत्तर द्या.

आकडेमोड:
वाचलं. तुमच्या बाबतीत फरक पडतो, मान्य. सगळ्या पुण्याच्या बाबतीत पडत नाही.

मगरपट्टेकर:
मुळात एचआरए म्हणजे खोट्या भाडेपावत्यांचा कारखाना. आईच्या नावाने पावती फाडायची आणि राहायचं तिच्याच घरात. आमच्यासारखे खरे भाडेकरू घरमालकाच्या पॅनसाठी विनवण्या करत फिरतात.

दादरकर:
तोंड सांभाळून लिहा. घर आईच्या नावावर आहे. दर महिन्याला तिच्या खात्यावर भाडं जातं, ती ते रिटर्नमध्ये दाखवते, ३० टक्के वजावट घेऊन उरलेल्यावर कर भरते. वर्षाचं भाडं लाखाच्या वर आहे, म्हणून तिचा पॅनही कंपनीला दिलाय. यातलं खोटं काय? वडील गेल्यावर तिला तेवढाच आधार आहे. माहिती नसताना कुणाच्या आईवर घसरू नका.

मगरपट्टेकर:
तुमच्या आईंबद्दल काही म्हटलं नव्हतं. खात्यावर भाडं देत असाल तर तुम्हाला लागू नाही. रोख पावत्या फाडणाऱ्यांबद्दल मात्र शब्द मागे घेणार नाही.

हिंजवडी फेज तीन:
आणि वजावटींचे पुरावे, म्हणजे प्रूफ, द्यायची मुदत? आमच्याकडे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोर्टल बंद. ही तारीख कंपनीची, कायद्याची नाही. फेब्रुवारीत भरलेला मेडिक्लेमचा हप्ता धरला नाही. म्हणे रिफंड घ्या. रिफंडवर व्याज महिना अर्धा टक्का, आणि रिफंड कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही.

हिशोबनीस:
इतक्या कर्मचाऱ्यांच्या पुराव्यांची पडताळणी एका रात्रीत होत नाही. तरी दुसरा आठवडा फार लवकर आहे, यावर मी तुमच्या बाजूने आहे.

सातारची शिक्षिका:
तुमचे एक लाखाचे पगार वाचून झाले असतील तर आमचंही ऐका. आमचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो, म्हणून वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरतात. वर्षभर क्लार्क जुजबी कापतो आणि फेब्रुवारीच्या बिलात सगळी बाकी एकदम. यंदा थकबाकीचा फरक मिळाला, तोही यंदाच्याच उत्पन्नात धरला. हातात आलेल्या पगारातून मुलाची वसतिगृहाची फी भरली आणि किराण्यापुरतेही उरले नाहीत.

हिशोबनीस:
ताई, थकबाकी मागच्या वर्षांची असेल तर त्यामुळे यंदा वाढलेला कर कमी करणारी कलम ८९ ची सवलत आहे. फॉर्म दहा-ई ऑनलाइन भरायचा, आणि तो रिटर्नच्या आधीच. नाहीतर सवलत नाकारल्याची नोटीस येते. १९२ च्या पोटकलम २ए प्रमाणे ही सवलत टीडीएस कापतानाच देता येते, अनुदानित शाळेलाही. बिल शालार्थवर, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन पगार प्रणालीवर, गेलं असेल तर मात्र आता रिफंडच.

सातारची शिक्षिका:
बिल गेलंय. क्लार्क म्हणतात 'दहा-ई आमच्याकडे चालत नाही.' पोटकलम २ए छापून सोमवारी मुख्याध्यापकांपुढे ठेवते. शाळेत आणखी सहा जणांना हाच फरक मिळालाय, त्यांनाही बरोबर नेते.