रोज अर्धा तास हाताने काहीतरी करायचंय, काय सुचवाल?

अर्धवटराणी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझं सगळं काम स्क्रीनवर चालतं. संध्याकाळी दमायला होतं, पण दिवसभरात केलं काय असं कुणी विचारलं तर हातात घेऊन दाखवता येईल असं काही नसतं. झोपायच्या आधीचा अर्धा तास फोन खातो. तो वेळ हाताने काही साधंसं बनवण्यात घालवावा असं फार दिवस मनात आहे. विकायचं नाहीये, कुणाला शिकवायचंही नाहीये. जरा बरं वाटावं, एवढंच.

आता खरं काय ते सांगते. कपाटात क्रोशाची एक शाल आहे. सुरुवातीला ती आयत होती, वर जाता जाता त्रिकोण झाली. भरतकामाचा एक संच आहे, त्याचं पाकीट अजून फोडलेलं नाही. आणि मातीची एक पिशवी आहे जिचा आता दगड झालाय. हौस दांडगी, पण काही तडीस जात नाही.

अटी: टेबलाचा एक कोपरा मिळेल. आवाज आणि उग्र वास नको, कारण त्याच खोलीत मूल झोपलेलं असतं. आणि शक्यतो नवीन सामान नको, कारण सामान आणण्यातच माझा उत्साह संपतो असा अनुभव आहे.

खटपट्या:
वही शिवा. खरंच. एका बैठकीत होते, सामान घरातच असतं आणि झाली की दुसऱ्या दिवसापासून वापरता येते.

ए४ आकाराचे साधे सहा कागद घ्या. एकत्र न दुमडता एकेक मधोमध दुमडा आणि मग एकात एक घाला. घडी चमच्याच्या पाठीने दाबून घ्या. सहा कागदांची बारा पानं, म्हणजे चोवीस पृष्ठं होतात. वरून कव्हराला एखादा जाडसर कागद. वही उघडून जुन्या मासिकावर ठेवा आणि घडीच्या रेषेवर आतून बाहेर जाड सुईने तीन भोकं पाडा: एक मध्यावर, दोन टोकांपासून साधारण साडेतीन सेंटिमीटरवर. भोकं शिवण्याआधीच पाडायची. शिवता शिवता पाडली की सुई तिरकी जाते आणि कागद फाटतो.

दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही आणि गाठ घट्ट बसते. आता आतून मधल्या भोकातून बाहेर या, शेपूट आत सोडून. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर. मग पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. तो टाका मध्ये धरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली असतील तर एक सोडवून पलीकडे घ्या, नाहीतर टाका ढिला राहतो.

पहिली वही वाकडी होईल. माझी तर उलटी झाली होती, कव्हर आत आणि कोरी पानं बाहेर.

सुईदोरा:
खटपट्या, कव्हराबद्दल एक भर घालते. ए४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. मधोमध घडी घातली की ती तंतूंना आडवी जाते. पातळ कागदाला फरक पडत नाही, पण जाड कागद घडीवर तडकतो. कागद दुमडू नका, नुसता दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या बाजूने घडी यायला हवी. मोठ्या कागदातून कव्हर कापत असाल तर हे आधी पाहून घ्या.

राणीताई, तुमच्या शालीचा त्रिकोण का झाला ते सांगू का? ओळीचा शेवटचा टाका निसटतोय. क्रोशात कडेचा टाका आडवा पडलेला असतो, तो दिसत नाही, आणि आपण त्याच्या आधीच वळतो. दर ओळीला एक गेला तरी चाळीस ओळींत चाळीस टाके कमी होतात. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा आणि दर ओळीनंतर टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण दहा-बारा ओळींनंतर बोटांना आपोआप कळायला लागतं.

शाल उसवा असं मी म्हणणार नाही. पण उसवलीत तर लोकर वेटोळ्यासारखी कुरळी निघेल. तिची लड करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. सरळ होते. मग तिचे हाताच्या पंजाएवढे चौकोन विणा. एक चौकोन, एक संध्याकाळ.

निवांत७:
मूळ मुद्दा "तड लागत नाही" हा आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं विषयाच्या बाजूने.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन अ‍ॅरिएली यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध आहे. त्यांनी लोकांना ओरिगामी करायला दिली, खोकी जोडायला दिली. हौशी लोकांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या घड्यांची किंमत जवळपास तज्ज्ञांच्या कामाएवढी लावली. इतरांना मात्र त्या घड्या कवडीमोल वाटल्या. गंमत पुढे आहे. वस्तू बनवून लगेच मोडायला लावली, किंवा अर्ध्यातच थांबवलं, तर हा जिव्हाळा उरत नाही. म्हणजे नुसते कष्ट करून भागत नाही, वस्तू पुरी व्हावी लागते.

राणीताई, तुमच्या कपाटातल्या तिन्ही गोष्टी मोठ्या आहेत. शाल, पूर्ण संच, मातीची अख्खी पिशवी. दमून आल्यावर अर्ध्या तासात यातलं काहीच संपणार नाही. मी ओरिगामी सुचवेन. कागद चौकोनी कापला की सामान संपलं. बगळा किंवा पेटी वीस मिनिटांत होते. आणि ती बाळबोध आहे असं कुणी म्हणालं तर अकिरा योशिझावांची कामं पाहायला सांगा. घडी कुठे आणि कोणत्या दिशेने घालायची हे दाखवणाऱ्या ज्या तुटक रेषा आणि बाण आज सर्रास दिसतात, त्यांचा पाया त्यांनी घातला. कागद किंचित ओला करून गोलाई देण्याची पद्धतही त्यांचीच.

शंकेखोर:
विरस करायला आलोय, माफ करा.

हल्ली "हस्तकलेने ताण कमी होतो हे सिद्ध झालंय" असं दोन वाक्यांआड वाचायला मिळतं. त्यातला एक अभ्यास मी पाहिलाय, २०१६ सालचा, ड्रेक्सेल विद्यापीठातला. ३९ प्रौढ, ४५ मिनिटं मोकळेपणाने कलाकाम, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी संबंधित संप्रेरक) मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं, आणि पूर्वानुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. छान आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं नुसतं खिडकीत बसूनही कमी झालं असतं की नाही, हे त्यातून कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की औषध म्हणून करू नका. आज अर्धा तास झाला नाही, आज बरं वाटलं नाही, असा हिशेब सुरू झाला की आनंदाचाही गृहपाठ होतो. मी लाकूड कोरायचो. वहीत रोजची मिनिटं लिहायला लागलो आणि दोन महिन्यांत पटाशी हातात धरवेना.

सुईदोरा:
शंकेखोर, विरस कसला, हे खरंच आहे. पण निवांत, तुमचं "पुरं झालंच पाहिजे" मला तितकंसं पटत नाही. मी चार वर्षं एकच पांघरूण विणतेय. संपवायची घाई नाही, कारण संपलं तर हात रिकामे होतील. सुलट, उलट, सुलट, उलट. दिवसभर निर्णय घेऊन डोकं शिणलेलं असतं तेव्हा ज्यात एकही निर्णय घ्यावा लागत नाही असं काम हवं असतं.

निवांत७:
मान्य. पण चार वर्षं विणून तुमचा हात बसलाय. नवख्याला प्रत्येक टाका हा निर्णयच असतो.

सुईदोरा:
हो, तेही आहे.

भिंगरी:
कुणीच दुरुस्तीचं नाव काढलं नाही! घरात तुटलेलं बटण, भोक पडलेला मोजा, उसवलेली शिवण असणारच. नवीन काय बनवू हा प्रश्नच उरत नाही, काम स्वतःहून रांगेत उभं असतं.

बटण लावताना त्याच्यावर एक काडी आडवी ठेवा आणि काडीवरून टाके घाला. मग काडी काढून बटण वर ओढा, खाली सैल झालेल्या दोऱ्याभोवती तोच दोरा पाच-सहा वेळा गुंडाळा आणि गाठ मारा. बटणाला छोटी मान मिळते, जाड कापडही खाली नीट बसतं, आणि बटण कितीतरी जास्त टिकतं. मला हे चाळिशीनंतर कळलं. आधीची सगळी बटणं कापडाला गळफास लावल्यासारखी आवळलेली असायची.

मोज्याच्या भोकाला रफू करताना आत चेंडू घाला, म्हणजे कापड ताणलेलं राहतं. भोकाच्या बाहेर बोटभर चांगल्या भागापासून उभे धागे टाका, मग आडवा धागा एक वर एक खाली असा विणत न्या. रंग जुळवायच्या फंदात पडू नका. राखाडी मोज्यावर पिवळं ठिगळ लावलं की मोजा घालताना रोज हसू येतं.

अर्धवटराणी:
बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. शालीचं निदान वाचून मोजायला बसले. पहिल्या ओळीत १२०, शेवटच्या ओळीत ६७. सुईदोरा, तुम्ही डॉक्टर आहात.

आज वही करून बघते. मेणबत्ती आहे, जाड सुई आहे. कव्हराला जुन्या कॅलेंडरचं पान चालेल ना?

खटपट्या:
पळेल. आधी वाकवून बघा, वर सांगितलंय तसं. आणि दुहेरी गाठ मारा.

अर्धवटराणी:
तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय.

पाच वह्या झाल्या. पहिल्या वहीत दोरा मधल्या भोकाच्या एकाच बाजूला आला (सांगितलेलं असूनही), ती लुळी आहे. तिसरीला भोकं पाडताना सुई मासिकातून आरपार टेबलात गेली. टेबलाला आता एक कायमचा तीळ आहे. पाचवी चक्क सरळ आहे. रोज काही होत नाही, आठवड्यातून तीनदा-चारदा होतं. शंकेखोर, तुमचा प्रतिसाद वाचून मिनिटं मोजलेली नाहीत.

खरं सांगायचं तर शिवण्यापेक्षा मला घड्या दाबायला जास्त आवडतं. चमचा कागदावरून फिरतो तेव्हा जो बारीक आवाज येतो, तो ऐकायला मूलही उठून बसलं एकदा. मग त्यालाही एक कागद दिला. त्याने तो चुरगाळला आणि "झालं" म्हणाला.

दोरा गुंडाळून दोन बटणंही लावली. मान मस्त येते, भिंगरी.

आता एक प्रश्न. आठ कागद घेतले तर आतली पानं कव्हराच्या बाहेर डोकावतात. कापू का?

खटपट्या:
मधली पानं बाहेर येणारच, घडीत कागदाची जाडी साठत जाते. कापायची असतील तर शिवून झाल्यावर, धातूची पट्टी दाबून धरून, नव्या पात्याने कापा. बोथट पातं घसरतं आणि बोट कापतं. एका फटक्यात कापायला जाऊ नका, हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवा.

मी स्वतः कापत नाही. पानं उलटायला सोपी जातात.

अर्धवटराणी:
मग नाहीच कापत.

शाल उसवायला घेतलीय. ६७ पासून सुरुवात.